कुत्र्याचा रंग आणि त्याचा दाखला

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेले व्याख्यान)



आपल्या मंडळात आजवर मुरांब्यापासून मुलांच्या दातांपर्यंत नाना विषयांवर व्याख्याने झाली. कुत्र्यांवर झालेले हे बहुधा पहिलेच. पण विषय दूरचा नाही. आपल्या गल्लीतील इमारतींत मिळून मी मोजली ती लहान जातीची अकरा कुत्री आहेत. पाच डॅशहाउंड, तीन पॉमेरेनियन, दोन पग आणि एक चिवावा. (आपण ज्यांना पॉमेरेनियन म्हणतो त्यांतील थोराड पांढरी कुत्री बहुधा इंडियन स्पिट्झ असतात, पण त्यांच्या मालकिणी समोरच बसल्या आहेत, तेव्हा तो वाद आज नको.) गेल्या वर्षभरात तिघीजणींनी मला विचारले, "आमच्या मादीचे एक तरी वेत घ्यावे म्हणतो, चांगल्या रंगाचा नर सुचवाल का?" तिघींनीही रंगच विचारला. नराला ऐकू येते का, दिसते का, हे एकीनेही विचारले नाही. म्हणून आज रंगाविषयीच बोलावयाचे मी ठरवले.

मी पशुवैद्य नव्हे. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली, आणि जवळजवळ तितकीच वर्षे आमच्या घरी डॅशहाउंड आहेत. तेव्हा वर्गातले थोडे आणि घरातले थोडे, असे हे बोलणे होईल.

प्रथम दाखल्याविषयी. शुद्ध जातीच्या कुत्र्यांची पद्धतशीर नोंद ठेवणे इंग्लंडात सुरू झाले. १८७३ साली लंडनला केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची वंशावळीची पहिली वही छापून निघाली. आपल्याकडे हे काम केनेल क्लब ऑफ इंडिया ही चेन्नईची संस्था करते. आईबाप दोघेही नोंदलेले असावे लागतात, पिल्लाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवावी लागते, आणि मग नाव, जन्मतारीख, रंग, आईबाप व त्यांच्या मागचे पूर्वज असा कागद हाती येतो. स्थळाची पत्रिका येते ना, तसाच. फरक इतकाच की पत्रिकेतला 'वर्ण गोरा' आपण कांदेपोह्यांच्या वेळी पडताळून पाहतो, आणि हा मात्र निमूटपणे खरा मानतो.

या दाखल्याचे मोल मी कमी समजत नाही. त्यावाचून कोण कोणाचे हे कळण्याचा मार्गच राहत नाही. पण त्यातील रंगाचा रकाना कसा भरला जातो ते लक्षात घ्या. पिल्लू काही आठवड्यांचे असताना त्याच्या घरधन्याला जे डोळ्यांनी दिसते ते तो लिहितो. यॉर्कशायर टेरियर हा चिमुकला झुपकेदार कुत्रा जन्मतो काळा-तांबूस आणि मोठेपणी पोलादी राखी व सोनेरी होतो. तान्ह्या बाळाच्या नाकावरून भाकीत करू नये म्हणतात, तेच पिल्लाच्या रंगाचे. पण तेवढा फरक कालांतराने दिसतो तरी. जे कधीच डोळ्यांना दिसत नाही त्याला मात्र रकानाच नाही, आणि मला आज सांगावयाचे आहे ते त्याविषयी.

कुत्र्याच्या केसांत मुळात रंगद्रव्ये दोनच: एक काळे, दुसरे तांबूस-पिवळे. बाकी सारे रंग ही त्यांचीच कमीजास्त मिसळ, किंवा त्यांत झालेला बदल. काळे द्रव्य चॉकलेटी होते, किंवा विरून पाटीसारखे राखी होते. त्या राखीला हे लोक निळा म्हणतात. (या निळ्या रंगाच्या काही डॅशहाउंडांचे केस पुढे झडतात आणि कातडी खरबरीत होते. निळ्यासाठी जादा दाम मोजणाऱ्यांना हे बहुधा सांगितले जात नाही.) आणि पांढरा? पांढरा हा रंगच नव्हे. तेथे रंग पोहोचला नाही किंवा टिकला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पोटात पिल्लू घडत असताना रंग तयार करणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघतात आणि अंगभर पसरतात. पंजे, छाती, शेपटीचे टोक ही त्यांच्या वाटेवरची शेवटची गावे. तेथवर त्या पोहोचल्या नाहीत की ती जागा पांढरी राहते. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेल्या घोड्याला आपल्याकडे पंचकल्याणी म्हणून शुभ मानत. रस्त्यावरच्या कितीतरी कुत्र्यांचे पंजे तसेच पांढरे असतात. त्यात काही बिघडत नाही. पण या पेशींचे आणखी एक काम आहे, ते फारसे कोणाला ठाऊक नसते. कानाच्या अगदी आतल्या भागात, जेथे आवाजाचे ज्ञान होते, तेथेही त्या असाव्या लागतात. नसल्या तर जन्मल्यावर तीन-चार आठवड्यांत आतला तो नाजूक भाग सुकत जातो आणि पिल्लू बहिरे होते. म्हणजे अंगावरच्या रंगाचा कानाशी संबंध असतो.

आता चिठ्ठ्यांचा खेळ. प्रत्येक गुणाची एक चिठ्ठी पिल्लाला आईकडून मिळते आणि एक बापाकडून. मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या वेलांवर प्रयोग करून हा नियम १८६६ साली प्रसिद्ध केला. आज शास्त्रज्ञ त्या चिठ्ठ्यांना जनुके म्हणतात. काही चिठ्ठ्या एकट्याही बोलतात, काही जोडीदार मिळेपर्यंत मुक्या राहतात. काळी चिठ्ठी एक असली तरी बोलते. चॉकलेटी चिठ्ठी मुकी. दोन्ही बाजूंनी तीच आली तरच रंग चॉकलेटी. त्यामुळे दोन काळ्या कुत्र्यांच्या पोटी चॉकलेटी पिल्लू जन्मू शकते. असे एखादे निघाले की घराघरांत काय होते ते मी ऐकले आहे. "मादी कधी सुटली होती का हो खाली?" पहिला संशय आईवर! वास्तविक आईने एकच चिठ्ठी दिलेली असते, दुसरी त्या प्रतिष्ठित बापाची असते, आणि ती नसती तर पिल्लू चॉकलेटी झालेच नसते. आईला बोल लावण्याची आपली सवय कुत्र्यांपर्यंत पोहोचली आहे, हे पाहून मौज वाटते आणि थोडे वाईटही वाटते. (एकाच माजात मादीला दोन नर भेटले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्ले होऊ शकतात, हेही खरे, पण ते जनुकांच्या तपासणीने ठरवावे, रंगाकडे पाहून नव्हे.)

अमेरिकेतील क्लॅरेन्स लिटल या शास्त्रज्ञाने १९५७ साली कुत्र्यांच्या रंगांच्या वारशावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. जनुक प्रत्यक्ष वाचण्याची सोय त्या काळी नव्हती. कोणत्या रंगाच्या जोडीला कोणत्या रंगाची किती पिल्ले झाली, या नोंदींवरून त्याने सारा हिशेब मांडला. पुढे त्यातील काही चुकीचे निघाले, पण पुष्कळसे टिकले. नीट ठेवलेल्या वहीत किती बळ असते ते यावरून दिसते. मात्र वहीत जे उतरले तेवढ्याचेच ते बळ.

आता मुख्य गोष्टीकडे येते. डॅशहाउंडमध्ये एक रंग असतो, त्याला डॅपल म्हणतात. इतर जातींत त्यालाच मर्ल म्हणतात. काळ्या अंगावर राखी शिंतोडे उडालेले, कुठे गडद, कुठे विरलेले, जणू निळीच्या पाण्यात साडी सारखी बुडवली गेली नाही. कधी एक डोळा निळा. दिसावयास सुरेख, हे मीही नाकारत नाही. ही चिठ्ठी एकटी असली तरी बोलते: एक आली की कुत्रा डॅपल. टेक्सासमधील संशोधकांनी २००६ साली ते जनुक नेमके हुडकून काढले. चांगल्या मजकुराच्या मध्येच कोणी भलती ओळ घुसडावी, तसा एक जादा तुकडा त्यात शिरलेला असतो. त्या तुकड्याचे शेपूट फार आखूड असेल तर अंगावर शिंतोडे जवळजवळ दिसतच नाहीत.

एक चिठ्ठी असली तर कुत्रा बहुधा धडधाकट असतो. दोन आल्या, म्हणजे आईही डॅपल आणि बापही डॅपल, तर हिशेब असा: सरासरी चार पिल्लांत एक साधे, दोन डॅपल, आणि एकाच्या वाट्याला दोन्ही चिठ्ठ्या. या शेवटच्याला दुहेरी डॅपल म्हणतात. त्याच्या अंगावर पांढरे खूप असते. ते बहिरे असू शकते, डोळे बारीक किंवा बुबुळे भलतीकडे असू शकतात, काही आंधळीच जन्मतात. सरासरी म्हणजे दर वेतात नेमके एक असे नव्हे. नाणे चार वेळा उडवले तर छाप दोनदाच पडतो असे थोडेच आहे? एखाद्या वेतात एकही निघत नाही, आणि मग लोक म्हणतात, "आम्ही केले, काही झाले नाही."

आकडे सांगते. २००९ साली अमेरिकेत निरनिराळ्या जातींच्या १५३ मर्ल कुत्र्यांची श्रवणशक्ती यंत्रावर तपासल्याचे प्रसिद्ध झाले. एका चिठ्ठीवाल्यांत २.७ टक्के एका कानाने आणि ०.९ टक्के दोन्ही कानांनी बहिरे निघाले. दुहेरींत १० टक्के एका कानाने आणि १५ टक्के दोन्ही कानांनी. त्याआधी १९७७ साली केवळ डॅशहाउंडांवरची एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. तीत सौम्य दोषही धरले होते, म्हणून आकडे मोठे आहेत: दुहेरींत ५४.६ टक्के आणि एकेरींतही ३६.८ टक्के. दोन पाहण्यांत एवढे अंतर पाहून कोणी म्हणेल, मग खरे कोणते मानावे? मी म्हणते, लहान आकडाच खरा धरा. दुहेरी पिल्लांपैकी चौथा हिस्सा एका किंवा दोन्ही कानांनी बहिरा! एवढ्यावर मी तरी ती जोडी लावणार नाही.

"पण दोन डॅपल एकत्र आणू नयेत हे तर सगळ्यांना माहीत असते," असे तुम्ही म्हणाल. माहीत असते. तरीही आमच्या शेवंतीचा जन्म झालाच.

शेवंती सात वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. एका कुटुंबाने ती मोबाइलवरची जाहिरात पाहून विकत घेतली होती. जाहिरातीत 'दुर्मीळ पांढरा डॅशहाउंड, निळे डोळे, दाखल्यासह' असे होते, आणि किंमत साध्या पिल्लाच्या दुप्पट. दोन महिन्यांनी ती मंडळी तिला माझ्याकडे घेऊन आली. "बाई, फार हट्टी आहे, हाक मारली तर ढिम्म हलत नाही." मी तिच्या पाठीमागे पितळी डबा खाली आपटला. ती शांतपणे माझ्या पदराचे टोक चावत राहिली. पुढे पशुवैद्यांनी तपासले. दोन्ही कान गेलेले, आणि उजव्या डोळ्याने अंधुक दिसणारे.

मी तिचा दाखला नीट पाहिला. बाप: डॅपल. आई: लाल. दोघेही नोंदलेले, मागचे पूर्वजही नोंदलेले. दाखला खोटा नव्हता, कोणी काही खोडलेले नव्हते. दोन डॅपल एकत्र आले नव्हते, निदान कागदावर तरी. मग दुसरी चिठ्ठी आली कोठून?

आईच्या लाल रंगाखालून! मर्लची चिठ्ठी केवळ काळ्या द्रव्यावर चालते. तांबूस-पिवळ्याला ती शिवतही नाही. लाल डॅशहाउंडच्या अंगावर काळे असतेच किती? जन्मतः कानांच्या कडेला, पाठीवर चार काळसर केस. त्यांवर शिंतोडे असले तरी महिन्या-दोन महिन्यांत तेही केस लालात मिळून जातात. फिकट मलईच्या रंगाच्या कुत्र्यांत तर कधी काहीच दिसत नाही. घरधनी रकान्यात प्रामाणिकपणे 'लाल' लिहितो. ती मादी मोठी होते, चार हात बदलते, आणि नवा मालक कागद पाहून निश्चिंत मनाने तिला डॅपल नर दाखवतो. शेवंतीसारखी पिल्ले एखाद्या लबाडामुळेच जन्मतात असे नाही. कित्येकदा सगळे कागद बरोबर असतानाही जन्मतात. मला हेच अधिक भयंकर वाटते, कारण लबाडाला टाळता तरी येते. त्या जाहिरातीत जे 'दुर्मीळ' म्हणून विकले, ते मात्र अजाणतेपणाचे नव्हते असे माझे मत आहे. निळ्या डोळ्यांचे पांढरे डॅशहाउंड म्हणजे काय, हे विकणाऱ्याला ठाऊक असावयास हवे होते.

नोंदणी करणाऱ्या संस्थांचे यावर एकमत नाही. चिवावाचेच पाहा. इंग्लंडच्या केनेल क्लबच्या नियमात त्याला कोणताही रंग चालतो, पण मर्ल कदापि नाही. युरोपातील आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमातही मर्ल वर्ज्य. अमेरिकेच्या केनेल क्लबच्या नियमात मात्र चिवावाला सारे रंग खुले. म्हणजे तोच कुत्रा समुद्र ओलांडला की बाद होतो किंवा पावन होतो. आणि ज्या डॅशहाउंडमध्ये डॅपल जुन्या काळापासून मान्य आहे, तेथे तो सर्वत्र मान्यच. बंदी घालावी की नाही यावर विद्वानांत वाद आहेत. माझ्यापुरते विचाराल, तर बंदीने नुसता रकाना कोरा राहील. लोक मर्लला दुसरे काही नाव देऊन लिहितील, आणि मग शोधावयाचे ते आणखी खोल जाईल. त्यापेक्षा जनुकाच्या तपासणीचा निकाल दाखल्यावर रंगाशेजारी लिहिला जावा. तपासणीत अवघड काही नाही. कुत्र्याच्या गालाच्या आत कापसाची काडी फिरवावयाची आणि ती प्रयोगशाळेत पाठवावयाची. कुत्र्याला त्याचे काही वाटत नाही; आमची एक तर काडी खावयास निघाली होती.

पिल्लू विकत घेताना काय पाहावे, हेही काहींनी विचारले आहे. २०१७ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकावयाचे नसते. तो कागद मागा. केनेल क्लबचा दाखला आणि हा कागद वेगवेगळे. एक दाखवून दुसऱ्याची वेळ मारून नेणारे भेटतात. आईला प्रत्यक्ष पाहा, तिच्या सगळ्या पिल्लांना एकत्र पाहा. डोक्यावर, विशेषतः कानांभोवती, पुष्कळ पांढरे असेल तर पिल्लू दुसरीकडे पाहत असताना मागून चुटकी वाजवा. पण पायाने जमीन हादरवू नका, बहिरे पिल्लूही त्या कंपाने वळते आणि आपण फसतो. एका कानाने बहिरे असलेले पिल्लू चुटकीने सापडत नाही. त्याला यंत्रच हवे, आणि ते पाच-सहा आठवड्यांनंतर लावता येते.

घरात असे पिल्लू आलेच असेल तर त्याला टाकून देऊ नका, हे सांगावयास मला लाज वाटते. पण टाकतात, म्हणून सांगते. शेवंतीला हातांच्या अकरा खुणा कळतात. उघडा तळवा म्हणजे थांब, मांडीवर दोन थापट्या म्हणजे ये. झोपेत तिला एकदम शिवावयाचे नाही. नाकापुढे हात धरला की वासाने ती सावकाश जागी होते. रात्री बोलवावयाचे असेल तर गच्चीचा दिवा दोनदा लावून मालवतो. गळपट्टा-साखळीवाचून तिला रस्त्यावर कधी नेत नाही, कारण मोटारीचा भोंगा तिच्यासाठी नाही. दिवाळीत मात्र साऱ्या गल्लीतली कुत्री पलंगाखाली असतात आणि ही एकटी अंगणात ऐटीत बसून फटाक्यांची रोषणाई पाहते.

आता त्या तिघींच्या प्रश्नाचे उत्तर देते. पहिलीची मादी आठ वर्षांची आहे. तिला आता विश्रांती द्यावी, रंग कोणताही असो. दुसरीची काळी-तांबूस आहे, आईबापही तसेच, आणि तिला डॅपल नर हवा आहे. नराची तपासणी होऊन त्याला एकच चिठ्ठी आहे असे कळले, आणि कान-डोळे ठीक निघाले, तर दुहेरीचे भय नाही. एकेरी पिल्लांचे कान मात्र तपासावेच लागतील. तिसरीची मादी लाल आहे, कागद नाहीत, आणि ती कोठून आली हे विकणाऱ्यालाही सांगता आले नव्हते. तिला डॅपल नर मुळीच दाखवू नये. आधी काडी पाठवावी. काडी पाठवावयाची नसेल, तर ज्याचे आईबाप साधे आहेत असा काळा-तांबूस नर पाहावा. त्या वेतात एखादे काळे पिल्लू निघाले आणि त्याच्या अंगावर राखी शिंतोडे असले, तर तिच्या लाल रंगाखाली काय होते ते त्याच दिवशी कळेल. सगळीच लाल निघाली, तर मात्र काही कळणार नाही, आणि काडी पाठवावीच लागेल. काड्यांचे पाकीट माझ्याकडे आहे; चहा झाल्यावर ज्यांना हवे असेल त्यांनी घेऊन जावे.